देवासाठी ठोकलेला खिळा

"देवाला इचारते मी," सुलक्षणा म्हणाली आणि शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा.

मी बांधावर उभा. दौंडची रात्रपाळी उरकून, डोळ्यांवर झोप घेऊन, न्हावऱ्यावरून गाडी हाणत केंदूरला आलो होतो. एवढंच विचारायला, की रेल्वेचा क्वार्टर मिळालाय, येतेस ना? लग्न झाल्यापासून मी तिकडं पॉइंट्समन, कामावरच्या पोरांबरोबर खोली करून. ती इकडं, माझ्या आईपाशी, फुलांत.

"नवरा मी हाय का त्यो?" मी मागून ओरडलो.

ती वळली. हसली. "त्यो रोज भेटतो."

खरं सांगतो, दुसऱ्या कुठल्या पुरुषाचा संशय मला कधी आला नाही. माझं वाकडं आहे ते म्हसोबाशी. मळ्याच्या कोपऱ्यात, लिंबाखाली, शेंदूर फासलेला दगड. सुलक्षणा फुलं तोडायच्या आधी त्याच्यापुढं बसते आणि बोलते. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलतात. मोटर जळाली, आई टोचून बोलली, कंबर धरली, सगळं त्याला. आणि मला फोनवर? "जेवलात का? बरं. ठेवू मग?"

मीही बसून बघितलंय तिथं. डोळे मिटले. अंधार दिसला. पायाला मुंग्या आल्या, उठलो. तिला त्याच अंधारात कुणीतरी भेटतं. तिला का भेटतं आणि मला का नाही, ते काही कळलं नाही. आई म्हणते, "नाव दत्ता ठिवलं, आन् पोरगं असलं निपजलं."

तरी मी क्वार्टर झाडून घेतला होता. शेगडी आणली. स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीला खिळा ठोकला, तिच्या देवाच्या फोटोसाठी. ठोकताना स्वतःवरच चिडलो. बायको यायच्या आधी ह्याची सोय!

दुपारी ती कौल लावायला निघाली.

"मी पण येतो."

"तुम्ही कशाला? हसाल."

"न्हाई हसत. चल."

आमच्याकडं कौल असा असतो. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाला चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. मनात प्रश्न विचारायचा. आधी उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

ती बसली. मी बाजूला, लिंबाला टेकून. जळत होतो, खोटं कशाला सांगू. माझ्या संसाराचा निकाल लावणारा हा दगड कोण?

मग दिसलं.

डावी पाकळी तिनं नुसती टेकवली. उजवी लावली आणि अंगठ्यानं दाबली. परत दाबली. पार शेंदरात रुतेपर्यंत.

डोळे मिटले. ओठ हलले. डावी लगेच सुटून खाली पडली.

"न्हाई म्हणाला," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. लाल झालेला अंगठा पदराआड पुसत होती.

जिभेवर आलं होतं माझ्या. तुलाच यायचं न्हाई, तर तोंडानं सांग की! पण ती शेवंतीकडं बघत होती. ते वाफे तिनं लावलेत. बाजाराला फुलं तीच लावून देते, टेम्पोवाला तिलाच मालकीणबाई म्हणतो. दौंडच्या त्या दोन खोल्यांत तिला कोण मालकीणबाई म्हणणार?

आणि हे ती मला सांगू शकली नाही. त्याला सांगू शकली. त्यानंही काही न बोलता तिचं 'नाही' स्वतःच्या अंगावर घेतलं. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? भांडलो असतो. गाडीला किक मारून निघालो असतो. माणसं देव का धरून बसतात ते त्या लिंबाखाली थोडं कळलं मला. आणि कळल्यावर तर जास्तच जळलो.

"बरं," मी म्हणालो. "त्यो न्हाई म्हणतोय, तर न्हाई यायचं."

तिनं चमकून बघितलं. "तुम्ही कवापासनं मानाय लागला?"

"आत्तापासनं."

आणि मी खाली वाकलो. जन्मात पहिल्यांदा त्या दगडापुढं डोकं टेकलं. नाहीतर तिनं माझं तोंड बघितलं असतं.

मान वर केली तर उजवी पाकळी तिथंच होती, डोळ्यांसमोर, अंगठ्याच्या ठशासकट.

"आता उठा," सुलक्षणा हळूच म्हणाली. "भाकरी टाकते. खाऊन जावा."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून क्वार्टरवर आलो. शर्ट काढून त्या खिळ्याला अडकवला. शेगडी पेटवली, एकट्याचा चहा टाकला. उकळी येईपर्यंत शर्टाकडं बघत उभा राहिलो.

मग शर्ट काढला आणि दाराच्या कडीला लावला.

खिळा तसाच ठेवला.