सरांची अ‍ॅम्बेसडर

मल्लेशनं चेनपुलीची साखळी ओढली आणि चाळीस वर्षांचं पेट्रोल इंजिन अ‍ॅम्बेसडरच्या पोटातून हळूहळू वर आलं. आनंदराज सरांनी डावा हात उचलला. मल्लेश थांबला. इंजिनाचे हेलकावे थांबल्यावरच सरांनी हात खाली घेतला.

देगलूरच्या या गॅरेजात चार दिवसांपासून सरांची खुर्ची मांडलेली होती. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला होता. मल्लेश त्यांचाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून ‘हं’ एवढंच निघायचं. लातूरच्या दवाखान्यात त्यांना चित्रं दाखवत. आंबा. गाय. “सर, हे काय आहे?” सर भिंतीकडे बघत बसत.

त्यांना लातूरला न्यायचं म्हणून त्यांच्या पत्नी महामायाबाई साठीनंतर गाडी शिकल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेला, हात स्थिर. पण उदगीरच्या अलीकडे चढावर गाडी दम टाकायला लागली, तेव्हा लोक म्हणाले, विकून टाका. बाईंनी नवऱ्याला विचारलं. सरांनी किल्लीवर डावी मूठ आवळली. मग गाडीला डिझेल इंजिन बसवायचं ठरलं.

पाचव्या दिवशी नवं इंजिन पुलीला लटकलं होतं. महामायाबाई दुपारचा डबा उघडत होत्या. मल्लेशनं इंजिनाच्या मागच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट धरली, वरून प्रेशर प्लेट टेकवली आणि बोल्ट लावायला घेतले.

मागं खुर्ची करकरली.

“उ... उलटी!”

बाई डबा टाकून धावल्या. एका हातानं सरांची पाठ धरली, दुसऱ्यानं जवळची बादली ओढली.

“मळमळून राहिलं का? वाका जरा. होऊ द्या.”

सरांनी पायानं बादली लोटली. चेहरा लालबुंद झाला होता. बोट इंजिनाकडे होतं.

“प्लेट... उलटी!”

मल्लेशनं बोल्ट काढले, प्लेट उजेडात धरली. स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे हवा होता. त्यानं तो इंजिनाकडे केला होता.

“हाव सर,” तो हळूच म्हणाला. “उलटीच हाय.”

तेव्हा कुठं महामायाबाईंच्या ध्यानात आलं, आत्ता नेमकं काय झालं ते. बादली मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या, आणि बराच वेळ त्यांना हसू आवरेना, की रडू, ते मल्लेशला कळलं नाही.

जेवणं झाल्यावर तो नळावर हात धूत होता. बाई जवळ गेल्या.

“मुद्दाम केलंस ना रे? त्यांनी बोलावं म्हणून?”

मल्लेश साबण चोळत राहिला.

“हाव म्हणावंसं लई वाटून राहिलं, काकू. पण न्हाई. खरंच चुकलो. सर नसते तर अख्खं इंजिन पुन्हा उतरवायची पाळी आली असती.” त्यानं मान खाली घातली. “वीस वर्षं झाली मला या धंद्यात. कुणाला सांगू नका.”

त्या परतल्या तेव्हा सरांनी खुर्ची इंजिनाजवळ सरकवून घेतली होती. एक बोल्ट त्यांना स्वतःला आवळायचा होता. डावा हात पुढं करून ते पाना मागत होते. ट्रेमध्ये दहा-बारा पाने पडलेले होते, सगळे सारखेच काळे.

“कोणता देऊ?” महामायाबाईंनी विचारलं.

सरांचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागत होता.

बाई थांबून राहिल्या. कोणता पाना लागतो, ते त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.