शामलाताईची साधी गाठ

आमच्या घराण्यात कुणाच्या छातीत गाठ निघाली की तिला शामलाताईकडे पाठवायचं, हा रिवाजच होऊन बसला होता. माझ्या या थोरल्या बहिणीला पंधरा वर्षांपूर्वी गाठ आली, सुईने तपासली, साधी निघाली. तेव्हापासून ताई म्हणजे आमचं हायकोर्ट. मामी, मावसबहिणी येत, ताईच्या गाठीला हात लावून बघत आणि जेवूनखाऊन निर्धास्त घरी जात. मला या प्रकाराचा राग यायचा. पण माझ्याच छातीत हाताला गाठ लागली तेव्हा माझं शहाणपण कुठल्या कुठे पळालं, आणि दवाखान्यातून निघाले ती थेट मानेवाड्याला, ताईच्या घरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बोटाखाली सरकतेय, बहुतेक साधीच. तरी उद्या सोनोग्राफी करू. आणि पुढे कधी वाढली, कडक झाली, जागेवर चिकटली, कातडी आत ओढली गेली, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका." मला त्यातलं 'बहुतेक' तेवढं ऐकू आलं होतं.

ताईने कणकेचे हात धुतले, दार लावलं.

"तोंड काहून एवढंसं करून राहिली वं? माही पाहून घे. एवढ्या वर्षांत मेली का मी?"

तिने माझा हात स्वतःच नेऊन आपल्या गाठीवर ठेवला.

गाठ हलली नाही. मी बाजूने ढकलून पाहिली. जागची सरकेना. वर कातडीला खळगा पडला होता, बोंड आत गेलं होतं.

"ताई, हे असं कधीपासून?"

"दिवाळीपासून जराशी घट्ट झाली. वय झालं ना आता. तपासली हाय, साधीच हाय." ती हसली. "गेलं ना तुहं भेव?"

मला तिचा संताप आला, आमच्या सगळ्यांचाच आला. मामी तर गेल्याच महिन्यात येऊन गेली होती. जी ती आपल्या भीतीपायी हात लावायची. ताईचं काय, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"ताई, माही अशी नाही. माही सरकते. तुही चिकटून बसली हाय. उद्या माह्यासंग चाल."

डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं आता आठवलं, ते मी जसंच्या तसं सांगितलं. ब्लाउजचे हूक लावता लावता तिचे हात थांबले. तिने वाद घातला नाही, तेच मला सहन होईना.

"तुही नक्की सरकते?" तिने विचारलं.

"हो."

"मंग तुही साधीच असंन," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडत मी होते.