हँडल नसलेलं दार

"दाराला हँडलच नको? मग आत जायचं कुठून, खिडकीतून?"

साहेबरावनं विचारलं तसा ऋतुराज हसला. शेंद्रा गावचा पोरगा, वडिलांची जुनी पांढरी गाडी नव्यानं सजवायची त्याची हौस. मोबाइलवर त्यानं एक फोटो दाखवला. त्यातल्या गाडीचं दार साबणाच्या वडीसारखं सपाट होतं.

"काका, रिमोट दाबलं की दार उघडतं. इलेक्ट्रिशियनशी बोलून ठेवलंय. बॅटरी उतरली तर खालून एक वायर ओढायची. तुम्ही फक्त हँडलचे खड्डे बुजवून द्या. तिथं काय होतं ते कुणाला कळलं नाही पाहिजे."

शेजारच्या शेडमधून गोकुळ वेल्डिंगचा काचेचा टोप कपाळावर सारत बाहेर आला. "दादा, पत्रा कापून ठेवा. मी येऊन टाके मारून देतो. लई वेळ नाय लागायचा."

झालं. साहेबरावनं हातातला घासकागद खाली टाकला. "वेल्डिंग नाय," तो म्हणाला. "वेल्डिंगनं पातळ पत्रा तापतो, लहरी येतात. मी वेल्डिंगशिवाय करणार. चिकटवून."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच दचकायला झालं. पत्रा चिकटवायचा तो दोन ट्यूबांचा मसाला त्यानं आजवर एकदाच वापरला होता, तोही एका टेम्पोच्या टपाला.

"पण काका, निघालं तर?"

"निघालं तर गोकुळकडून टाके मारून घे. अन् मी पत्र्याचं काम सोडलं म्हणून समज."

हर्सूलच्या रस्त्यावर या दोन शेड एकमेकींना खेटून होत्या. गोकुळ खुलताबादकडून आला तेव्हा त्याला हातोडी धरता येत नव्हती. साहेबरावनंच त्याला शिकवलं, पत्रा कानानं ऐकायलासुद्धा. पुढं साहेबरावच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, वेल्डिंगच्या ज्योतीकडं आता बघायचंसुद्धा नाही. वेल्डिंगचा सेट गोकुळकडं गेला. साहेबरावकडं पुट्टी राहिली आणि घासकागद राहिला.

आता खरं सांगायचं तर सेट गेल्याचं दुःख त्यानं कधीच गिळलं होतं. त्याला सलायचं ते दुसरंच. गोकुळनं वेल्डिंग सुरू केलं की ठिणग्यांचा फवारा उडायचा आणि समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बघायला उभी राहायची. पूर्वी ती साहेबरावपुढं उभी राहत. पुट्टी घासणाऱ्याकडं कोण बघतं? कुत्रंही बघत नाही. एकदा, फक्त एकदाच, गोकुळच्या तोंडावर आपल्याविषयी जळफळाट बघायला मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. देवाधर्माकडं काही मागायची त्याची रीत नव्हती, नाहीतर त्यानं हेच मागितलं असतं.

दुपारी त्याची बायको गीताबाई डबा घेऊन आली. तिनं भाकरी सोडली आणि ठेच्याचा अर्धा गोळा झाकणात काढला.

"ते कुणाला?"

"गोकुळला. ठेचा लई आवडतो त्याला."

"त्याच्या घरी मिरच्या संपल्या का?"

"अवं, एवढ्याशा ठेच्यावरून? तुमच्याच हाताखालचं लेकरू हाय ते."

"लेकरू! पोटाचा घेर बघ लेकराचा," साहेबराव म्हणाला. गीताबाई झाकण घेऊन गेलीच. पलीकडून गोकुळचं "वा वहिनी!" ऐकू आलं आणि साहेबरावला भाकरी गोड लागेना.

त्या रागातच त्यानं काम उरकलं. हँडलं काढली. भोकापेक्षा थोडी मोठी पट्टी कापली, ती दाराच्या आतून चिकटवायची आणि बाहेरच्या खड्ड्यात बेताचा तुकडा बसवायचा. पट्टी बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. बाहेरून त्यानं तो केला. आतल्या बाजूला हात नीट पोचेना, त्यात शेजारी ठिणग्या उडू लागल्या, लोक जमले, कुणीतरी "क्या बात है गोकुळभाई" म्हणालं. साहेबरावनं आत घासल्यासारखं केलं आणि मसाला लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार आपटून बघितलं. खण्णकन आवाज आला. पट्टी बाहेरच्या तुकड्यासकट सुटून दाराच्या पोटात पडली होती.

त्यानं मान वर केली. दोन शेडच्या मधोमध गोकुळ उभा होता. त्यानं आवाज ऐकला होता, खड्ड्यातून आरपार दिसणारा उजेडही बघितला होता. हॉटेलवाला राजकुमार तिकडून ओरडला, "काय पडलं रे?"

"माझा पाना पडला," गोकुळ म्हणाला. मग त्यानं ग्राइंडर चालू केला आणि साहेबरावकडं पाठ करून एक पत्रा उगाचच घासत बसला.

दुसरा कुणी असता तर त्याला भरून आलं असतं. साहेबरावचा मात्र तिळपापड झाला. हातात कसब याच्या, भोवती माणसं याच्या, ठेचा याला, आणि आता चांगुलपणातही हाच पुढं! हा हसला असता तर बरं झालं असतं. निदान शिवी तरी देता आली असती.

त्यानं पट्टी बाहेर काढली. मसाल्याला जुना रंग जसाच्या तसा चिकटून आला होता. मसाल्यानं पत्रा धरलाच नव्हता, रंग धरला होता. चूक मसाल्याची नव्हती. आपण शेजारी बघत होतो, हे साहेबरावला कळलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

मग तो सावकाश कामाला लागला. बोटाला घासकागद गुंडाळून, दारात खांद्यापर्यंत हात घालून, पत्रा उघडा, लख्ख होईपर्यंत घासत राहिला. हाताची सालटं निघाली. थिनरनं पुसलं, मसाला कालवला, पट्टी आतून दाबून स्क्रूनं ताणून बांधली. शेजारी ठिणग्या उडाल्या, लोक जमले. त्याचं लक्ष गेलं, नाही असं नाही. पण हात थांबला नाही. पूर्ण दिवस त्यानं दाराला बोट लावलं नाही. मग स्क्रू काढले, पुट्टी भरली, पाण्यानं घासली. रंग झाल्यावर गाडी दोन दिवस उन्हात ठेवली. फट असेल तर ऊन चुगली केल्याशिवाय राहत नाही. दार आपटलं. पुन्हा आपटलं. रेघ आली नाही.

ऋतुराज यायच्या आधी गोकुळ आला. त्यानं डोळे मिटले आणि दारावरून तळवा फिरवला, साहेबरावनंच शिकवलं होतं तसा. साहेबराव त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. तळवा गेला, परत आला, पुन्हा गेला.

"दादा," गोकुळ म्हणाला, "सापडंना की."

मग तो रस्त्याकडं वळून ओरडला, "राजकुमार! अरे सगळे या इकडं! बघा आमच्या दादाचं काम!"

त्याच्या तोंडावर जळफळाटाचा कणही नव्हता. घरातल्या कुणाचा तरी सत्कार असावा तसा तो फुलला होता. साहेबरावला एकदम रिकामं वाटलं.

लोक कप घेऊन आले. राजकुमारनं वाकून दार बघितलं, मागून बघितलं, पुढून बघितलं. "काय बघायचं? इथं तर कायच नाय."

"तेच बघ ना!" गोकुळ म्हणाला. लोक हसले, चहा संपवला आणि पांगले. गोकुळचं एक गेट अर्धवट होतं, तोही गेला. थोड्या वेळानं त्याच्या शेडमध्ये चर्रर्र झालं आणि पांगलेली माणसं तिकडं जमली.

सवयीनं साहेबरावनं तिकडं पाठ केली. समोर ऋतुराजची गाडी होती, नवा रंग आरशासारखा लखलखत होता. त्या दारात गोकुळच्या ज्योतीचं प्रतिबिंब पडलं होतं, ठिणग्या वरून खालपर्यंत ओघळत होत्या. हँडलच्या जागेवरून त्या सरळ गेल्या, कुठं वाकल्या नाहीत, कुठं अडल्या नाहीत. डॉक्टरनं ज्योतीकडं बघू नको म्हटल्यापासून इतक्या वर्षांत त्यानं ठिणग्या अशा डोळे भरून बघितल्या नव्हत्या. साहेबराव पिंप ओढून त्यावर बसला आणि गेटचा शेवटचा टाका होईपर्यंत बघत राहिला.