दोन नंबरची खोली

वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला शिकवणीच्या तीन खोल्या होत्या. एकीत कीबोर्ड, दुसरीत गिटार, तिसरीत व्हायोलिन. खोल्या भरलेल्या असल्या की दुकान चालायचं, कारण शिकणारा माणूस आज तारा, उद्या पट्टा न्यायला येतच राहतो. पण दोन नंबरची खोली मालकाचं डोकं खात होती. गिटार शिकायला माणसं हौसेनं यायची आणि तिसऱ्या महिन्यात गुल व्हायची.

शिकवायला सख्खा मेहुणा. तो दाजी म्हणायचा म्हणून मालकाला सगळेच दाजी म्हणायचे. मेहुण्याचा हात असा, की गिऱ्हाईक तारा घेता घेता थांबून ऐकायचं. दाजी छाती फुगवून सांगायचे, आमचाच माणूस. आता खोली बंद करायची म्हणजे त्याला घरी बसवायचं. मग बायकोला काय तोंड दाखवायचं?

बायको काउंटरवर बसून शिकवणीच्या वेळा लिहायची. एका मंगळवारी दाजींनी चाचरत विषय काढला. ती म्हणाली, जरा ऐका. एक नंबरातून रडगाणं चाललेलं. तीनमधून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं. दोनमधून मात्र नुसता मध गळत होता.

"अहो, आत शिकतंय कोण?"

"दवाखान्यातल्या नर्सबाई. तिसरा महिना आहे त्यांचा."

"मग त्या वाजवणार कधी?"

दाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं गडी स्वतःच वाजवायचा, अन् समोरचं माणूस मांडीवर हात ठेवून दिपून जायचं. किती दिवस दिपणार?

पुढच्या मंगळवारी दाजींनी मेहुण्याची गिटार दारातच काढून घेतली. तो फुगला. तुम्हाला विकण्यातलं कळतं, शिकवण्यातलं काय कळतंय, म्हणाला. बहिणीकडं बघितलं, तर ती वहीत डोकं घालून बसलेली.

"दाजी, हात बांधताय माझे."

"बांधतोयच. जा आत, बाई खोळंबल्यात."

मग अर्धा तास काय आवाज आले म्हणता! दाजींनी दोनदा कानात बोट घातलं. एक गिऱ्हाईक काही न घेताच सटकलं.

दार उघडलं. नर्सबाई घामाघूम, बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ. दाजींना वाटलं, झालं, ह्याही गेल्या.

बाई बोटांवर फुंकर मारत काउंटरशी आल्या. "शुक्रवारचीपण वेळ मिळेल का? ते एक बोट अजून बसत नाही."

मेहुणाच मागून बोलला, पाचला या. अन् दाजींकडं न बघता बहिणीला म्हणाला, "लिही गं."