शेवटचा स्क्रू

...खाच पार गोल झाली होती. स्क्रूच्या डोक्यातली सहा कडांची खाच. तिच्यात स्क्रूड्रायव्हर घट्ट बसायला हवा, तर तो नुसता गरगर फिरत होता. डॉक्टरबाईंनी हात थांबवला. बाकीचे स्क्रू लोण्यातून केस काढावा तसे निघाले, आणि ह्या शेवटच्यानं दगा दिला. त्यानं दिला? छे! खाचेत साकळलेलं मांस आधी खरवडायचं, मगच स्क्रूड्रायव्हर लावायचा – हे नव्या पोरांना त्याच तर ओरडून ओरडून शिकवतात. आज तेवढा धीर धरवला नाही. राग होता ना डोक्यात, पेशंटचा.

"निघाला का, मॅडम?" हिरव्या पडद्यापलीकडून तोच विचारत होता. हात तेवढा बधिर केलेला. बाकी माणूस टक्क जागा.

"निघतोय."

बस चालवायचा तो. मोटरसायकल घसरून ह्याचा हात मोडला, आणि मागे बसलेला धाकटा भाऊ जागीच... हात त्यांनीच हाडावर धातूची पट्टी टाकून जोडला होता, अगदी झकास. आणि परवा हा येऊन म्हणतो, पट्टी काढा. दुखतंय? नाही. मग कशाला नसती उठाठेव? "तो दिवस अजून अंगात आहे, मॅडम. सगळा काढून टाका." काय बोलायचं ह्यावर! समजावलं, खेकसल्या, शेवटी वैतागून तारीख दिली. बाबा गेल्यावर आई त्यांचा चष्मा उशीखाली घेऊन झोपायची, तेव्हाही त्या अशाच खेकसल्या होत्या – काचेत काय बाबा बसलेत? – आणि आईनं चष्मा मुकाट्यानं कपाटात टाकला. पुन्हा कधी त्यांच्यापुढे बाबांचा विषय म्हणून काढला नाही... पण हे आत्ताच कशाला आठवावं?

असे अडलेले स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार लावून पाहिलं, सटकलं. मग स्क्रूचं डोकंच ड्रिलनं उडवायला घेतलं. कर्कश आवाज, चंदेरी कीस, त्यावर सलाईनची धार.

"सुतारकाम जोरात चाललंय," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

पट्टी सुटली. स्क्रूचा दांडा मात्र हाडातच, वर धरायला टोकसुद्धा नाही. काढायचा तर भोवतीचं हाड कोरायचं, आणि कोरलेला हात उद्या स्टिअरिंगवर पुन्हा मोडायचा. राहू द्यावा हेच शहाणपण. कुणीही हेच करील. हात जपायचा म्हणून ठेवला, एवढं म्हटलं की झालं – खोटंही नाही ते...

"निघालं ना सगळं?"

सिस्टर खाली बघत राहिली. आणि डॉक्टरबाईंच्या तोंडून गेलं, "नाही. एक तुकडा राहिला. मी घाई केली म्हणून."

पडद्यापलीकडून त्यानं विचारलं, "कुठे?"

त्यांनी जखमेच्या कडेला बोट टेकवलं. "इथं."

"मला काही कळतच नाहीये, मॅडम."

बधिर हात, कळणार कसं – उत्तर ओठांवर होतं, नेहमीचं, चोख. ते बाहेर पडेना. हाडाच्या आतला एवढासा तुकडा बोटाला थोडाच लागतो? पण त्यांना लागत होता. भयंकर लाज वाटत होती त्यांना. सिस्टरनं टाक्यांची सुई पुढे केली, दोनदा केली, तरी त्यांना ते बोट काही उचलवेना.