काच आता संस्थेची

गाडी मुलाची, पैसे मुलाचे, पण ती दान करायची हा शब्द अण्णांचा. मुलाने धंदा आवरल्यापासून ती उंच, काळ्या काचांची, लेदरच्या सीटांची क्रॉसओव्हर गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. बॅटरीनेही मान टाकली होती. मुलगा म्हणाला, विकू. अण्णा म्हणाले, "चांगली आहे तोवर दे रे. मोडल्यावर दिलं तर त्याला दान नाही, अडगळ काढणं म्हणतात." मग रुग्णांना फुकट दवाखान्यात नेणाऱ्या एका संस्थेला फोन झाला. गाडी कोणती ते ऐकून तिथल्या बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

आणि गंमत बघा, त्या गाडीवर जीव होता तो अण्णांचाच. दुपारचं जेवण झालं, रक्तदाबाची गोळी घेतली, की "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणत आणि खाली जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर आडवे होत. घरात नातीचा दंगा, मिक्सरची घरघर. गाडीत देवाचं नाव घ्यायला निवांतपणा. मागची दारं मात्र आतून उघडत नसत. नात लहान असताना लावलेला खटका काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पुढच्या सीटवर ओलांडून जायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून अण्णा दाराच्या फटीत आपली एक चप्पल अडकवून ठेवत.

त्या दिवशी गाडी उचलून न्यायला ट्रक लवकरच आला. सूनबाईचे हात साबणाने भरलेले. तिने दारातूनच ड्रायव्हरला किल्ली दिली, "सांभाळून न्या हो," म्हणाली आणि पुन्हा मोरीकडे वळली. आज गाडी जायची म्हणजे अण्णा खाली जाणार नाहीत, खोलीतच पडले असतील, हे तिने धरूनच चाललं होतं. आज शेवटची दुपार म्हणूनच ते गेले असतील, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

चहाला हाक मारायला गेली तर खोली रिकामी. पलंगावरची चादर न चुरगळलेली. अण्णांचा फोन चार्जरला. ती पार्किंगमध्ये धावली. गाडीच्या जागी धुळीची चौकट उरली होती आणि तिच्या कडेला, उलटी पडलेली, एक चप्पल.

तिने चप्पल उचलली आणि फोन काढला.

ट्रकवाला फोन उचलेना, संस्थेतही कुणी उचलेना. तिने नवऱ्याला लावला. तो म्हणाला, "अगं, शेजारी गप्पा मारत असतील."

"एका पायात चप्पल घालून?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "मी निघतो."

"तुम्ही लांब आहात. मी जवळ आहे, मीच जाते."

टॅक्सीत तिला बाहेरचं ऊन दिसत होतं आणि डोळ्यांपुढे बंद काचा. प्रत्येक सिग्नल तिच्याच वाटेत तांबडा होत होता. 'देवा,' ती मनात म्हणत होती, 'गाडी दिली रे तुला, माणूस नाही दिला.'

"दवाखान्यात का, ताई?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"नाही... हो... त्याच्या पुढे. भाऊ, जरा पळवा ना!"

संस्थेच्या आवारात गाडी भर उन्हात उतरवून ठेवली होती. ट्रक निघून गेला होता. तिने काळ्या काचेला दोन्ही तळवे आणि कपाळ टेकलं. आत अण्णा कुशीवर होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, तोंड उघडं. तिने दार ओढलं, ते कुलूपबंद. तिने काच बडवली. ते हलले नाहीत.

"किल्ली द्या! आत माणूस आहे!"

रखवालदार धावत आला. आत डोकावून त्याचा चेहरा उतरला. "किल्ली कपाटात आहे, आणि कपाटाची चावी मॅडमकडे. त्या बँकेत गेल्यात. थांबा, फोन लावतो."

"फोन काय लावताय, काच फोडा!"

"ताई, सकाळी असतं तर गाडी तुमची होती, मी फोडलीही असती. आता संस्थेची आहे. मी नोकर माणूस, मला जाब विचारतील."

"मला विचारू दे!"

त्याच्या चौकीला आग विझवायचा लाल सिलिंडर टांगला होता. तिने तो ओढून काढला आणि अण्णांच्या पायाकडच्या काचेवर घातला. सिलिंडर उसळून परत आला. दुसऱ्या घावाला काचेवर जाळी उमटली, तिच्या बोटांतून रक्त आलं. रखवालदाराने फोन खिशात कोंबला. "सरका. तुमच्याने नाही व्हायचं." एकाच घावात काच आत ढासळली. त्याने हात घालून कळ ओढली आणि बाहेरून दार उघडलं.

आवाजाने संस्थेच्या इमारतीतून नर्स आली. अण्णांना सावलीत आडवं केलं, सदरा सोडला, ओल्या फडक्याने अंग पुसलं. नर्सचं बोट मनगटावर, सूनबाईचे डोळे नर्सच्या तोंडावर.

"आहे नाडी. पळतेय, पण आहे."

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले. नर्सकडे, रखवालदाराकडे, मग गाडीकडे पाहिलं.

"सूनबाई, दुसऱ्याची काच फोडलीस?"

"फोडली." आणि तिला रडू फुटलं.

"भरून देऊ हो. दिलेलं पुरतं द्यावं."

"आजोबा, बोलू नका," नर्स म्हणाली. "आजचे पहिले पेशंट तुम्हीच. चला."

दवाखान्यात न्यायला संस्थेच्या जुन्या व्हॅनमध्ये त्यांना निजवलं. नवऱ्याचा फोन वाजत होता. तिने तो वाजू दिला. तिने एक तळवा अण्णांच्या छातीवर ठेवला होता.

"ओरडलो गं मी," ते हळूच म्हणाले. "मग दम संपला. म्हटलं, नाव तरी घ्यावं..." त्यांचे डोळे मिटले.

छाती वर आली, खाली गेली. पुढचा श्वास जरा लांबला.

"अण्णा! मग? पुढे काय झालं?"

"त्यांना पडू द्या, ताई," नर्स म्हणाली.

"नको. अण्णा, बोलत राहा. मी ऐकतेय, तुम्ही बोलत राहा."