फक्त नवी असेल तर

मार्च २००७. माझ्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते आणि मुलींच्या कॉलेजच्या वाचनालयातल्या दहा कम्प्युटरांवर अजून चुकांनी भरलेली जुनी ग्रंथसूचीच होती. तीन वर्षं खपून दुरुस्त केलेली सूची फक्त माझ्या टेबलावरच्या कम्प्युटरमध्ये होती. ती सगळीकडे पोचवूनच मला जायचं होतं.

"काऊन एवढा त्रास घेऊन राहिले, सर?" माझ्यानंतर ग्रंथपाल होणारा धनेंद्र म्हणाला. "दहाच तर मशीन. पेन ड्राइव्ह घेऊन फिरलो असतो, तं चहाच्या आत झालं असतं."

पण फिरायचं म्हणजे वाचत बसलेल्या मुलींना उठा म्हणायचं. मला ते जमत नाही. म्हणून एक जाडं पुस्तक वाचून मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती माझ्या जागेवरूनच दहाही ठिकाणची जुनी फाइल काढून नवी ठेवणार होती. त्यात मी एक अट घातली: माझी फाइल नवी असेल तरच बदल. जुन्या सूचीत कुणी काही काम केलं असेल तर?

स्क्रिप्ट चालवली. दहा ओळी आल्या: शून्य फाइल कॉपी. पुन्हा चालवली. पुन्हा शून्य. दोन दिवस मी पुस्तकातलं तेच प्रकरण वाचत राहिलो. या वयात हे आपलं काम नाही, असंही वाटून गेलं.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, माझं लक्ष फाइलच्या तारखेकडे गेलं. १ जानेवारी २००२. माझ्या कम्प्युटरमधला घड्याळाचा सेल कधीच संपला होता. रोज भारनियमनात वीज गेली की ते घड्याळ २००२ सालात जाऊन बसायचं, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. जुनी सूची २००४ची. मशीनच्या हिशेबी माझी तीन वर्षं तिच्याहून शिळी होती.

मला राग आला. मी अटच खोडली. दहाही फाइली क्षणात बदलल्या.

पंधरा मिनिटांनी देवघेवीच्या काउंटरवरची रविता आली. "सर, सहा नंबरच्या मशीनवरची नवीन पुस्तकं कुठं गेली? दिवाळीपासून भरून राहिली होती मी. चारशेच्या वर होती."

"मला सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही डोकं वर करान तवा सांगन ना."

घड्याळ नीट असतं, तरी त्या अटीनं तिचं काम वाचलं नसतं; माझी फाइल तिच्या फाइलहून नवीच ठरली असती. तिला एकदा विचारलं असतं, तर वाचलं असतं.

कपाटातून नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही काढली. रविता वाचत गेली, मी टाइप करत गेलो. मधे दोन तास वीज नव्हती. पाचपर्यंत एकसष्ट नोंदी झाल्या. धनेंद्र चाव्यांसाठी उभा होता.

"उद्या येऊन बसलो तर चालेल का?" मी विचारलं.

"उद्या संडे हाय, सर."

"मग परवा?"

त्यानं रविताकडे पाहिलं. "या," तो म्हणाला. "पण खुर्ची आता माझी राहीन. तुम्ही सहा नंबरवर बसा."